नाकमामांनी पास केलेलं कार्ड

माणसं रोज घर झाडतात, अंघोळ करतात, कपड्यांना इस्त्री करतात आणि कॉम्प्युटरच्या पोटात मात्र उकिरडा साठवतात. हे मी अनुभवाने सांगते, आणि रागानेही सांगते. अकरा वर्षं मी बंद पडलेले बोर्ड दुरुस्त करते आहे. या अकरा वर्षांत माझ्या टेबलावर काय काय निघालं ते ऐकलंत तर दोन घास कमी जेवाल. पंख्याला गुंडाळलेले केस. मेलेली झुरळं, आणि न मेलेलीही. कापलेली नखं, ती आत कशी जातात हे मला अजून समजलेलं नाही. एका सूटबूटवाल्या गृहस्थाच्या मशीनमध्ये पाल वाळून पुठ्ठा झाली होती, आणि हे महाशय मलाच विचारत होते, "बाई, आवाज कसला येतो हो?"

आमचा बाजार म्हणजे एका जुन्या इमारतीचं तळघर. वर कपड्यांची आणि चपलांची दुकानं, खाली आम्ही. चाळीसेक गाळे, एक जिना आणि सगळ्यांत मिळून एक बाथरूम, ज्याविषयी मी काहीही बोलणार नाही. खिडकी नाही. सकाळी जो वास आत कोंडतो तो संध्याकाळपर्यंत वाढतच जातो: सोल्डरचा धूर, पुठ्ठे, घाम, कुणीतरी डब्यातून आणलेलं कालचं कालवण. या कोंडवाड्यात एक माणूस नाकावर पोट भरत होता, हे बाहेरच्या कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

त्यांना सगळा बाजार नाकमामा म्हणायचा. मामा, कारण ते सगळ्यांचेच मामा. साठीच्या आसपासचे, किडकिडीत, शर्टाच्या खिशात तीन पेनं आणि एक टेस्टर. त्यांची जागा माझ्या गाळ्यासमोर, जिन्याखाली. काचेचं छोटं कपाट, दोन स्टुलं आणि पोट उघडं टाकलेलं एक चाचणीचं मशीन, एवढाच संसार. धंदा असा, की ज्यांना गेम खेळायचं मशीन हवंय पण खिसा बेताचा आहे, त्यांना मामा सुट्या भागांची यादी करून द्यायचे, बरोबर फिरून ते भाग घेऊन द्यायचे आणि जोडूनही द्यायचे. त्याची ठरलेली मजुरी घ्यायचे. दुकानदाराकडून एक दमडी घ्यायचे नाहीत. आमच्या बाजारात ही गोष्ट इतकी विचित्र होती, की सुरुवातीला लोकांना त्यांचाच संशय यायचा.

आणि नाक का, तर तरुणपणी ते मोटार वाइंडिंगच्या दुकानात होते. पंख्यांच्या, पंपांच्या जळालेल्या मोटारी तिथे यायच्या. त्या न उघडता, नुसत्या हुंगून, आत एक वेढा जळालाय की सगळी गुंडाळी गेली आहे, हे ओळखायला तिथल्या उस्तादाने त्यांना शिकवलं होतं. चुकलं की टपली मिळायची. पुढे ते दुकान बंद पडलं, मामा खोकी उचलायला आमच्या बाजारात आले, बघता बघता कॉम्प्युटर शिकले आणि ते नाक त्यांनी ग्राफिक्स कार्डांना लावलं.

हे कार्ड म्हणजे गेमच्या मशीनमधला सगळ्यात महाग भाग. पडद्यावर जे पळतं, उडतं, फुटतं, ते सगळं चित्र हेच काढतं. नवं घ्यायचं तर अर्धी थैली तिथेच रिकामी होते. म्हणून लोक जुनं घेतात, आणि जुन्या कार्डांच्या धंद्याइतका घाणेरडा धंदा मी पाहिलेला नाही. कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये शेकडो कार्डं मांडतात आणि कॉम्प्युटरवरची आभासी नाणी, बिटकॉइन की काय ती, कमवायला दिवसरात्र तापवतात. एक दिवस त्या नाण्यांचा भाव पडतो. मग ती पिळून निघालेली कार्डं पोत्यांत भरून आमच्यासारख्या बाजारात येतात. थिनरने धुतात, नवं स्टिकर, नवा डबा, आणि "घरचंच आहे साहेब, मुलगी कधीमधी खेळायची" असं तोंड भरून सांगत गळ्यात मारतात. पाच मिनिटं चालवून दाखवलं की चालतं. मरायला टेकलेला माणूसही पाच मिनिटं उठून बसतोच की.

मामा पाच मिनिटांवर भागवायचे नाहीत. कार्ड स्वतःच्या मशीनला लावून चांगलं तापवायचे, मग काढून तीन ठिकाणी हुंगायचे: पंख्यापाशी, विजेच्या सॉकेटपाशी आणि मागच्या पत्र्याच्या कडेला. डोळे मिटलेले. आजूबाजूचे गप्प. धुतलेल्या कार्डाला गरम झाल्यावर थिनर सुटतो आणि त्याखालून भाजलेल्या तेलाचा वास येतो, असं त्यांचं म्हणणं. मग डोळे उघडून एकच शब्द, पास किंवा नापास. नापास म्हटलं की विकणारा तोंड पाडून निघून जायचा. वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

मला हा सगळा तमाशा वाटायचा, हे कबूल करते. आणि तरीही मी स्वतः माझी गिऱ्हाइकं त्यांच्याकडे पाठवायची, कारण त्यांनी पास केलेलं कार्ड दुरुस्तीला माझ्याकडे कधी आलं नव्हतं. माझं स्वतःचं नाक सोल्डरच्या धुरात केव्हाच कामातून गेलेलं. त्यामुळे ज्याला येतं त्याला येतं, असं म्हणून मी मान तुकवली होती.

गिऱ्हाइकांशी मामा जे बोलायचे ते मात्र मला मनापासून आवडायचं. एकदा एक जण आला, त्याला मशीनमध्ये सात रंगांचे दिवे हवे होते, काचेची पेटी हवी होती, आणि उरलेल्या पैशांत जमलं तर बाकीचं.

"दिवे हवेत तर दिवेवाल्याकडे जा," मामा म्हणाले. "इथे मशीन मिळतं."

"पण मामा, दिसायला—"

"काचेच्या पेटीत वारा शिरत नाही. सहा महिन्यांनी आतलं सगळं उकडून निघेल. मग ही समोर बाई बसली आहे ना, तिच्याकडे घेऊन ये. ती शिव्या घालून दुरुस्त करते."

हे खरं आहे. मी शिव्या घालूनच दुरुस्त करते.

तर अशा या बाजारात एक दिवस माझी वहिनी आली. दादाची बायको, वय चव्वेचाळीस, मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी. माझ्याकडे दादाचा मोबाइल दुरुस्तीला आणला होता. मोबाइल राहिला बाजूला. मामांच्या चाचणीच्या मशीनवर ट्रक चालवायचा एक गेम सुरू होता, कार्ड तापवायला ते तोच लावायचे. लांबच लांब मोकळा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, आणि ट्रक आपला चाललाय. वहिनी तिथे जी उभी राहिली ती तासभर हललीच नाही. मामांनी मुकाट्याने दुसरं स्टूल पुढे सरकवलं.

दोन वर्षं ती जादा पाळ्या करत होती, हे मला नंतर कळलं. कशासाठी ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं तेव्हा दादाने घर डोक्यावर घेतलं.

"चाळिशी उलटली आणि ही गेम खेळणार! लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

"लोकांना कोण बोलावतंय बघायला?" वहिनी म्हणाली.

माझा दादा वाईट माणूस नाही, पण दुसऱ्याला एखादी गोष्ट आवडते हे त्याला सहनच होत नाही. शेवटी त्याने अट घातली. मशीन वर्षाच्या आत बंद पडलं, तर या घरात पुन्हा गेमचं नाव काढायचं नाही. खिडकीजवळचा कोपरा रिकामा करायचा, तिथे त्याचं कपाट येणार. वहिनी चालेल म्हणाली. मला तिचा राग आला. आपल्याच पैशांनी घेतलेल्या वस्तूवर कुणी अट का मान्य करावी? मी तसं बोलूनही दाखवलं.

"अगं, दिवसभर मी लोकांचं रक्त, पू, ओकारी धुते," ती म्हणाली. "मशिनांचा आवाज असा की शेजारचीला ओरडून सांगावं लागतं. घरी आले की हा ओरडतो. मला रोज एक तास समोर रस्ता हवाय आणि मागून हाक नकोय. त्यासाठी अट तर अट."

तिची यादी करायला मामांनी दोन दुपारी घेतल्या. आधी विचारलं, पडदा केवढा? तिच्याकडे पडदा नव्हताच. "मग मध्यम घ्या, त्याहून मोठा पडदा म्हणजे मोठं कार्ड, आणि ते आपल्याला झेपणार नाही." प्रोसेसर मागच्या पिढीचा, पण चांगला. रॅमच्या दोन लहान पट्ट्या, एक मोठी नाही, कारण दोन पट्ट्या मिळून जास्त वेगाने चालतात. पेटी साधी, पुढून जाळीची. वीज पुरवणारा डबा मात्र नवा आणि नावाजलेला. वहिनीने विचारलं, यात काटकसर नाही का करता येणार? मामांनी पेन खाली ठेवलं.

"ताई, सगळ्यात काटकसर करा. याच्यात नको. हा गेला तर एकटा जात नाही, सगळ्यांना घेऊन जातो."

मग कार्ड. टॉवेलवाल्याच्या गाळ्यावर आम्ही तिघं गेलो. याच्या खांद्यावर बारा महिने टॉवेल असतो आणि तो टॉवेल बारा महिन्यांत एकदाही धुतलेला नसतो. तेवढ्या कारणासाठीही मी त्याच्याकडून सुई घेणार नाही. पण मामांना हवं ते कार्ड त्याच्याकडेच होतं. आणलं, मामांच्या मशीनला लावलं, ट्रक वीस मिनिटं पळवला. मामांनी कार्ड काढून नाकाला लावलं. पंखा, सॉकेट, पत्र्याची कड. वहिनीने ओढणीचं टोक बोटात धरलं होतं.

"पास," मामा म्हणाले.

माझ्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. चार स्क्रू काढून मला ते कार्ड आतून बघता आलं असतं, दहा मिनिटांचं काम होतं. मी नाही बघितलं. मामांनी हुंगलेलं कार्ड उघडून बघायचं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांचा अपमान, असा आमच्या बाजाराचा शिरस्ता होता, आणि बाकी सगळ्यांना फाडून खाणारी मी तिथे मात्र शिरस्ता पाळत बसले. घरी जाताना वहिनी रिक्षात कार्ड मांडीवर घेऊन बसली होती.

एकवीस दिवस मशीन झकास चाललं. पाळी संपवून वहिनी दुपारी घरी यायची, हातपाय धुवायची आणि तासभर ट्रक चालवायची. मी एकदा गेले तर तिने मला शेजारी बसवून अख्खा घाट उतरून दाखवला. एक शब्द बोलली नाही. वळणावर मीच दोनदा ओरडले.

बाविसाव्या दिवशी पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आले आणि मग सगळं काळं. वहिनीचा फोन आला तेव्हा मागे दादाचा आवाज ऐकू येत होता. तो मोजपट्टी शोधत होता, कपाटासाठी. त्या आवाजातला आनंद ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कार्ड मी माझ्या टेबलावर उघडलं. अकरा वर्षांत शिसारी येईल असं खूप पाहिलंय, पण हे पाहून मी हात मागे घेतला. वरून चकचकीत, आणि पंख्याखालचा पत्रा उचलला तर खाली पिवळट चिकट लगदा. चिप थंड ठेवायच्या गाद्या वितळून त्यांचं तेल बोर्डभर ओघळलेलं, त्यावर अर्धवट धुतलेली धूळ बसून तिचा चिखल झालेला. सोल्डरच्या कडांना पांढरी बुरशी फुटावी तसा क्षार. कुणीतरी हे नळाखाली धरून धुतलं होतं, वरून थिनर फासला होता, आणि पाणी थरांच्या आत शिरून सडत बसलं होतं. दोन मेमरी चिप बदलून पाहिल्या. बोर्ड आतूनच गेला होता. आणि वास! माझ्या मेलेल्या नाकालासुद्धा थिनर असा झोंबला की डोळ्यांत पाणी आलं.

तेच उघडं कार्ड घेऊन मी समोर गेले आणि मामांच्या पुढ्यात धरलं. 

मामांनी नेहमीसारखं ते नाकाजवळ नेलं. डोळे मिटले. पंखा नव्हताच, तरी पंख्याच्या जागी हुंगलं.

"कार्ड स्वच्छ आहे, पोरी," ते म्हणाले. "घरची वीज वाईट असणार."

 शेजारच्या गाळ्यातला माणूस नाकाला रुमाल लावून विचारत होता, काय सांडलं म्हणून. मी परत टेबलावर गेले, एक फडकं थिनरमध्ये बुचकळलं, दुसऱ्या एका जुन्या बोर्डाला गुंडाळलं आणि मामांपुढे ठेवलं.

"आणि हे?"

मामांनी ते उचललं, नाकाला लावलं. या वेळी डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. फटीतून ते माझ्या तोंडाकडे बघत होते. काय म्हटलेलं हिला पटेल, ते शोधत होते. मी चेहरा दगडासारखा ठेवला. 

"ठीक वाटतंय," मामा म्हणाले.

फडक्यातून थिनर त्यांच्या मनगटावरून शर्टात ओघळत होता.

"कधीपासून, मामा?"

त्यांनी बोर्ड खाली ठेवला, हात पुसला. खोटं बोलतील असं मला वाटलं. बोलले नाहीत.

"गेल्या वर्षी ताप आला होता ना. तेव्हापासून. चौदा महिने झाले. परवा नासलेलं दूध अर्धा पेला प्यायलो, तेव्हा कुठे मामीने हातातून ओढून घेतला."

"आणि चौदा महिने तुम्ही हुंगताय?"

"सुरुवातीला वाटलं, येईल परत. मग विकणाऱ्याचं तोंड बघायला लागलो. ज्याचं कार्ड खराब, त्याच्या मानेची शीर उडते, तो सारखा मशीनकडे बघतो. बरोबर यायचं गं. बहुतेक वेळा बरोबर यायचं."

"आणि टॉवेलवाला?"

"त्याची मान टॉवेलाखाली असते," मामा म्हणाले.

हे त्यांनी इतक्या सरळपणे सांगितलं की एरवी मला हसू आलं असतं. पण त्या क्षणी मला त्यांची किळस आली. बाजारातल्या चोरांची मला कधी एवढी आली नव्हती. ते चोर आहेत हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असतं. या माणसाच्या एका शब्दावर चौदा महिने लोक पैसे टाकत होते आणि हा डोळे मिटून सोंग करत होता. मी त्यांना नाही नाही ते बोलले. आजूबाजूचे गाळेवाले गोळा झाले. मामांनी एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी फक्त म्हणाले, "नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर या जिन्याखाली मी कोण होतो, पोरी? खोकी उचलणारा म्हातारा. आता तर खोकीही उचलवत नाहीत."

"ते मला नका सांगू, वहिनीला सांगा," मी म्हटलं.

टॉवेलवाल्याकडे जाऊन काही उपयोग नव्हता, तरी गेले. त्याने दात विचकले. "मामांनी पास केलेला माल आहे बाई, मामांनाच विचारा." त्याच्या टॉवेलाला हात न लावता जेवढं भांडता येईल तेवढं भांडून परत आले. मामा चाचणीचं मशीन बंद करून त्यातलं कार्ड काढत होते. ते त्यांचं स्वतःचं, पाच वर्षांपूर्वी कोरंच विकत घेतलेलं. त्याच्याशिवाय ते मशीन आणि पत्र्याचं खोकं सारखंच.

"काय करताय?"

"ताईंकडे जायचंय ना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. आम्ही गेलो तेव्हा दादा मोजपट्टी घेऊन खिडकीजवळच उभा होता आणि कागदावर आकडे लिहीत होता. टेबलावरची पेटी वहिनीने पुसून ठेवली होती, बंद पडलेली वस्तू लोक पुसतात का कधी? पण तिने पुसली होती. मामांना बघून दादा म्हणाला, "या, या! तुमचंच ना ते प्रसिद्ध नाक?"

मामा बसले नाहीत. उभ्यानेच वहिनीला म्हणाले, "ताई, मला वास येत नाही. वर्षाच्या वर झालं. तुमचं कार्ड मी उगाच नाकाला लावलं. मला काहीच आलं नव्हतं."

दादाने मोजपट्टीची फीत सटकन आत सोडली. "घ्या! म्हणजे फसवलं तुला. मी सांगत होतो—"

"तू जरा गप्प बस," मी म्हटलं. वहिनीकडे बघायचा मला धीर होत नव्हता. ती रडेल, नाहीतर ओरडेल असं वाटत होतं, आणि दोन्ही गोष्टी आम्हाला मिळायलाच हव्या होत्या.

वहिनी मामांकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "मला आला होता."

"काय?" मी विचारलं.

"वास. त्या दिवशीच आला होता. रिक्षात तर मांडीवरून सारखा येत होता."

मामा एकदम पुढे झाले. त्यांच्या चेहऱ्यावर लाज होती ती कुठल्या कुठे गेली. "कसला?" ते म्हणाले. "कसला होता, ताई? नीट सांगा."

वहिनीने थोडा विचार केला. "डाग काढायचं औषध असतं ना, तसा आधी. जरा गोडसर. मग ते उडून गेलं की खालून दुसरा. ऑपरेशनच्या चादरी घाईने धुतल्या आणि आत ओलसर राहिल्या, की घडी उघडल्यावर येतो तसा. धुतलंय, पण आतलं गेलेलं नाही, असा."

"आणि करपलेलं तेल?"

"हां, ते अगदी शेवटी. पंख्याच्या मध्यावर."

मामांनी डोळे मिटले होते. या वेळी सोंग नव्हतं. ती सांगत होती आणि ते मान हलवत होते, आणि कितीतरी दिवसांनी जेवायला मिळालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा झाला होता. "मध्यावर," ते पुटपुटले. "बरोबर. तेल तिथेच करपतं."

मला ते बघवेना. मी वहिनीवरच खेकसले, "मग बोलली का नाहीस? तोंडाला कुलूप होतं का? तुझे पैसे, तुझं मशीन, वर या शहाण्याची अट, आणि तू वास येत असताना गप्प बसून राहिलीस?"

ती माझ्यावर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"तू अकरा वर्षं हेच करतेस," ती म्हणाली. "मामांचं तर सगळा बाजार ऐकतो. मी चादरी धुणारी बाई. मी तिथे म्हटलं असतं, याला वास येतोय, तर काय केलं असतंत तुम्ही दोघांनी?"

मामांनी मान खाली घातली. दादा मोजपट्टीची फीत उगाच आत-बाहेर करत होता. खोलीत उत्तर द्यायला माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

"हसले असते," मी म्हटलं.

वहिनीने मान हलवली. ती रागावलेली दिसत नव्हती. आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकली, एवढंच. दादाच्या आकड्यांचा कागद टेबलावर होता, तो तिने बाजूला सारला. मामांनी स्वतःच्या मशीनमधून काढून तिच्यासाठी आणलेलं कार्ड त्यांच्या हातातून घेतलं, पिशवीतून बाहेर काढलं आणि पंख्यापाशी नाकाला लावलं. मग सॉकेटपाशी. मग पत्र्याच्या कडेला. घाई केली नाही. मामा आणि मी तिच्या तोंडाकडे बघत उभे राहिलो.